झाकली मूठ, पण कोणापासून?

गेल्या आठवड्यात ट्रायडेंटच्या, म्हणजे ब्रिटनच्या पाणबुड्यांवरच्या अणु-क्षेपणास्त्रांच्या, दोन फसलेल्या चाचण्यांवर मी लिहिलं, त्यावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. नाव दिलं नाहीत, पण नौदलात बावीस वर्षं काढली असं लिहिलंत आणि एकूण ढंगावरून वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे दिसता. म्हणून काका म्हणतो, रागावू नका.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: चाचणी फसणं ही शस्त्रांच्या धंद्यातली रोजची गोष्ट, तिचा बोभाटा करणाऱ्याला शस्त्रातलं ओ की ठो कळत नाही. दुसरं, अण्वस्त्राचा सगळा धाक समोरच्याच्या मनात असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती भर चौकात उघडा म्हणणारा एकतर भाबडा, नाहीतर विकला गेलेला. तिसरं, ग्लासगोत पोटापाण्यासाठी गेलेल्या मराठी माणसाला इंग्रजांच्या पाणबुड्यांची उठाठेव कशाला? आणि शेवटी, हिंमत असेल तर पोखरणवर लिही.

शिवाय माझी एक चूक दाखवलीत. तिथून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. जानेवारी २०२४ मध्ये ‘व्हॅनगार्ड’ पाणबुडीवरून सोडलेल्या क्षेपणास्त्राचा हवेत स्फोट झाला, असं मी लिहिलं होतं. नाही झाला. क्षेपणास्त्र वायूच्या दाबाने नळीतून बाहेर फेकलं गेलं, पण पहिल्या टप्प्याचं इंजिन पेटलंच नाही आणि ते पाणबुडीजवळच समुद्रात पडलं. २०१६ची आणि २०२४ची अशा दोन फसलेल्या चाचण्या मी एकमेकांत कालवल्या. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता चाचणी फसण्याबद्दल. तुमच्या जहाजावरून सोडलेला टॉर्पेडो एकदा सरळ जायचं सोडून गोल फिरत बसला, तरी कोणी आकाश कोसळल्यासारखं केलं नाही, हे तुम्ही छान लिहिलंत. माझीही तक्रार क्षेपणास्त्र भरकटल्याची नाही. ट्रायडेंटच्या १९०हून अधिक चाचण्या यशस्वी झाल्या असं ब्रिटिश सरकार सांगतं. त्यातल्या बहुतेक अमेरिकेच्या, ब्रिटनच्या वाट्याच्या थोड्याच, पण आकडा खोटा नाही. माझी तक्रार तारखांची आहे.

जून २०१६. फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून दूर ‘व्हेंजन्स’ या पाणबुडीवरून बिनबॉम्बचं क्षेपणास्त्र सुटलं. जायचं होतं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या समुद्रातल्या लक्ष्याकडे, पण ते भलतीकडेच वळलं. १८ जुलै २०१६ला, म्हणजे जेमतेम महिन्याभरात, पार्लमेंटमध्ये याच क्षेपणास्त्रांसाठी चार नव्या पाणबुड्या बांधायच्या की नाही यावर मतदान झालं. अंदाजे खर्च ३१ अब्ज पौंड, वर हाताशी ठेवलेले आणखी १० अब्ज. ठराव ४७२ विरुद्ध ११७ने मंजूर झाला. मत देणाऱ्या सदस्यांना चाचणीबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. त्यांना कळलं ते २२ जानेवारी २०१७ला, रविवारच्या वर्तमानपत्रातून.

मतदानाच्या दिवशीच्या चर्चेत एका स्कॉटिश सदस्याने तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांना विचारलं होतं की लाखभर निष्पाप माणसं, बायका, मुलं मरतील असा हल्ला करण्याची तुमची स्वतःची तयारी आहे का. त्यांनी एका शब्दात ‘हो’ म्हटलं. सहा महिन्यांनी दूरदर्शनच्या मुलाखतीत त्यांना विचारलं गेलं की तुम्ही सभागृहात बोलत होतात तेव्हा चाचणी फसल्याचं तुम्हाला ठाऊक होतं का. चारदा विचारलं. चारही वेळा ट्रायडेंटवर आपला किती विश्वास आहे हेच ऐकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कार्यालयाने कबूल केलं की त्यांना कल्पना दिलेली होती. लाख माणसांच्या मरणाचं उत्तर एका शब्दात आणि ‘माहीत होतं का’ याचं उत्तर चार प्रयत्नांतही नाही, हे मी घरी बसून पाहिलं आणि त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही.

तुमचा झाकल्या मुठीचा मुद्दा सगळ्यांत वजनदार, म्हणून तिथे जरा थांबतो. धाक मनात असतो, हे खरंच आहे. अण्वस्त्र वापरायची वेळ आली म्हणजे त्याचं काम आधीच फसलेलं असतं. समोरच्याला शंका येता कामा नये, हा विचार मला हास्यास्पद वाटत नाही. पण मग सांगा, ती मूठ नक्की कोणापासून झाकलेली होती?

ट्रायडेंट क्षेपणास्त्रं अमेरिकी बनावटीची. जॉर्जिया राज्यातल्या किंग्ज बे तळावरच्या सामाईक साठ्यातून ब्रिटन ती उचलतो. चाचणी अमेरिकेच्या दारात, त्यांच्याच यंत्रणेच्या नजरेखाली झाली. म्हणजे अमेरिकेला पहिल्या सेकंदापासून माहीत. जगात कुठेही क्षेपणास्त्र उडालं की उपग्रहांतून टिपणं हेच ज्यांचं काम आहे त्या रशियनांना ते दिसलं नसेल, असं नौदलातला माणूस तरी म्हणणार नाही. २०२४च्या चाचणीआधी तर त्या पट्ट्यातल्या जहाजांना सावधगिरीच्या सूचना गेल्या होत्या. एवढे सगळे वजा केले तर उरलं कोण? वेस्टमिन्स्टरमध्ये हात वर करायला बसवलेले साडेसहाशे लोक आणि त्यांना निवडून देणारे आम्ही.

बातमी फुटल्यावर सोमवारी संरक्षणमंत्री मायकेल फॅलन सभागृहात उभे राहिले आणि कारवायांचा तपशील आम्ही देत नसतो, हे पालुपद लावलं. ते बोलत असतानाच अमेरिकन वृत्तवाहिनीवर अमेरिकेतल्या संरक्षण अधिकाऱ्याच्या हवाल्याने बातमी झळकली की क्षेपणास्त्राने वाट सोडली आणि ते समुद्रात स्वतःला नष्ट करायला वळलं. एका सदस्येने ती सभागृहातच मंत्र्यांना ऐकवली. आपल्या पाणबुडीचं काय झालं ते परक्या देशाच्या टीव्हीवरून कळावं आणि ते आपल्याच मंत्र्याला सांगावं लागावं! या गोपनीयतेतून शत्रूचं काय बिघडलं, तुम्हीच सांगा.

आणखी एक. कारवायांचा तपशील खरोखरच कधी देत नसते, तर मी गप्प बसलो असतो. पण २०१२ची चाचणी यशस्वी झाली तेव्हा तिची चित्रफीत यांनीच दिमाखात प्रसिद्ध केली होती. पास झाल्यावर पेढे आणि नापास झाल्यावर ‘निकाल गोपनीय असतो’, याला काय म्हणायचं? हे मी एकटा म्हणत नाही. पार्लमेंटच्या संरक्षण समितीचे तेव्हाचे अध्यक्ष ज्युलियन लुईस हुजूर पक्षाचे आणि ट्रायडेंटचे कट्टर समर्थक, त्यांचाही आक्षेप हाच होता की यश मिरवायचं असेल तर अपयश लपवता येणार नाही. ब्रिटिश नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल लॉर्ड वेस्ट यांनी तर लपवाछपवीला सरळ मूर्खपणा म्हटलं. त्यांना शस्त्रातलं ओ की ठो कळत नाही असं तुम्ही म्हणणार नाही, एवढी खात्री आहे.

फॅलन यांच्या जागी पुढे ग्रँट शॅप्स आले. ३० जानेवारी २०२४ला क्षेपणास्त्र पाण्यात पडलं तेव्हा ते स्वतः त्याच पाणबुडीवर होते. तीन आठवडे शांतता. वर्तमानपत्राने छापलं तेव्हा लेखी निवेदन आलं की काहीतरी ‘विसंगती’ झाली खरी, पण ती त्या प्रसंगापुरती होती, बाकी सगळं ठणठणीत आहे. ‘त्या प्रसंगापुरती’ हा शब्द मला फार आवडला. आमच्या सोसायटीची लिफ्टसुद्धा नेहमी त्या प्रसंगापुरतीच बंद पडायची.

बरं, धाकासाठी केलेली बनवाबनवी कधीच फळत नाही असं मी म्हणत नाही. तुम्ही दिलं नाहीत ते उदाहरण मीच देतो. १९५७. ब्रिटनला हायड्रोजन बॉम्ब हवा होता आणि वातावरणातल्या चाचण्यांवर बंदी येण्याआधी तो दाखवायचा होता. १५ मे १९५७ला प्रशांत महासागरातल्या माल्डन बेटाजवळ पहिला प्रयत्न झाला. अपेक्षा मेगाटनाच्या, म्हणजे हजार किलोटनांच्या, आसपासची, निघाले ३०० किलोटन. म्हणजे फसला. ३१ मेला दुसरा स्फोट ७२० किलोटनांचा झाला. तो खऱ्या अर्थाने हायड्रोजन बॉम्ब नव्हताच, अवाढव्य अणुबॉम्ब होता. पण वार्ताहरांसमोर आणि जगासमोर ‘ब्रिटनचा हायड्रोजन बॉम्ब’ म्हणून डंका पिटला गेला आणि खरं काय ते बाहेर यायला दशकं लागली. मूठ झाकली, सव्वा लाख मिळाले. त्याच नोव्हेंबरात १.८ मेगाटनांचा खरा बॉम्ब फुटला आणि मधल्या काळाची थाप पचून गेली. इथपर्यंत तुमची बाजू भक्कम आहे, काका.

पण मे आणि नोव्हेंबर यांच्या मधोमध ऑक्टोबर येतो.

इंग्लंडच्या वायव्येला कंबरलंडच्या किनाऱ्यावर विंडस्केल नावाचं ठिकाण. तिथल्या दोन अणुभट्ट्या वीज करत नव्हत्या, बॉम्बसाठी प्लुटोनियम करत होत्या. आत ग्राफाइटचा डोंगर, त्यात युरेनियमच्या कांड्या आणि त्यांना थंड ठेवायला पंख्यांनी आरपार सोडलेली नुसती हवा. ग्राफाइटवर न्यूट्रॉनांचा मारा होत राहिला की त्यात ऊर्जा साठत जाते, ती अधूनमधून भट्टी मुद्दाम तापवून हळूहळू सोडावी लागते. हे काम करताना ऊर्जा नीट सुटत नाहीये असं वाटलं, म्हणून ८ ऑक्टोबरला दुसऱ्यांदा तापवलं. तापमापक नेहमीच्या चालण्याच्या हिशेबाने बसवलेले होते. या कामात जिथे सगळ्यांत जास्त उष्णता होते, तिथे ते नव्हतेच. या कामाची धड लिखित कार्यपद्धतीही नव्हती. १० तारखेला लक्षात आलं की आत युरेनियम जळतंय.

टॉम टूही हे तिथले उपव्यवस्थापक. ते वारंवार भट्टीच्या माथ्यावर चढून आत डोकावत होते, आग कुठवर आली ते डोळ्यांनी बघायला. कार्बन डायऑक्साइड सोडून पाहिला, उपयोग झाला नाही. शेवटी पाणी. तापलेल्या ग्राफाइटवर आणि धातूवर पाणी म्हणजे हायड्रोजन होऊन सगळंच उडण्याची भीती. ११ तारखेला सकाळी पाणी सोडलं आणि नंतर हवा बंद केली. आग विझली. (धुराड्यांवर गाळण्या बसवा म्हणून अणुशास्त्रज्ञ जॉन कॉक्रॉफ्ट अडून बसले होते, तेव्हा ‘कॉक्रॉफ्टचा वेडेपणा’ म्हणून लोक हसले. त्या गाळण्या नसत्या तर बाहेर पडलं त्याच्या कितीतरी पट पडलं असतं.) आसपासच्या सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध किरणोत्सर्गी आयोडिनच्या भीतीने ओतून द्यावं लागलं.

चौकशी केली विल्यम पेनी यांनी, म्हणजे ब्रिटिश बॉम्बच्या जनकानेच. त्यांनी पंधरवड्यात अहवाल दिला आणि त्यात उपकरणांच्या, कार्यपद्धतीच्या, वरच्या व्यवस्थेच्या उणिवा होत्या. पंतप्रधान मॅकमिलन यांनी तो वाचला आणि प्रती परत मागवल्या. कारण ते अमेरिकेशी अणुसहकार्याच्या वाटाघाटीत गुंतले होते आणि हा अहवाल वॉशिंग्टनमधल्या विरोधकांच्या हाती पडला तर ‘यांना गुपितं देऊ नका’ म्हणायला त्यांना आयतं कोलीत मिळालं असतं. नोव्हेंबरात जी श्वेतपत्रिका छापली, तिच्यात कारणं दोन: उपकरणं अपुरी आणि काम करणाऱ्यांच्या निर्णयातल्या चुका. पुढच्या जुलैत अमेरिकेशी करार झाला. पेनी यांचा मूळ अहवाल लोकांना वाचायला मिळाला जानेवारी १९८८ मध्ये.

म्हणजे ज्यांनी आग विझवली त्यांच्यावरच तीस वर्षं ठपका, आणि ठपका खोडायला लागणारा कागद सरकारी कपाटात कुलूपबंद. हे गुपित रशियापासून नव्हतं. ते मित्रापासून होतं, घरच्यांपासून होतं, आणि त्याची किंमत पगारी कामगारांनी मोजली. तुमच्या टॉर्पेडोच्या गोष्टीत कोणाचं डोकं उडवलं गेलं नाही, कारण नेमकं काय झालं ते लिहून वर पाठवलं गेलं, असं तुम्हीच लिहिलंत. विंडस्केलमध्येही लिहून वर पाठवलं होतं.

उलट उदाहरणही देतो, घाईत. ऑगस्ट २००७ मध्ये अमेरिकेच्या मायनॉट तळावरून सहा क्रूझ क्षेपणास्त्रं अणुबॉम्बसकट, कोणाच्या लक्षात न येता, विमानाच्या पंखाखाली लुईझियानाला गेली. सुमारे ३६ तास ती बेवारस होती. आठवड्याभरात बातमी फुटली. पुढे तैवानला चुकून क्षेपणास्त्रांचे सुटे भाग पाठवल्याचं दुसरं प्रकरण निघालं आणि जून २००८ मध्ये हवाई दलाचे मंत्री आणि प्रमुख दोघांनाही घरी जावं लागलं. अमेरिकेचा धाक कमी झाल्याचं मला तरी कुठे दिसलं नाही.

तिसरा मुद्दा, उठाठेवीचा. माझा पासपोर्ट अजून भारताचाच आहे, पण राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे रीतसर राहत असेल तर त्याला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत असतं. मी देतो. करही भरतो, त्यातले काही पौंड त्या ३१ अब्जांत जातात. त्या पाणबुड्यांचा तळ फॅसलेन माझ्या घरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि बॉम्ब ठेवतात ते कूलपोर्ट त्याच्या पलीकडच्या खाडीवर. ते बॉम्ब दक्षिण इंग्लंडातून ट्रकने, सार्वजनिक रस्त्यांवरून येतात. एकदा रात्री उशिरा महामार्गावर पोलिसांच्या मोटारसायकलींमागे गडद हिरव्या अवजड गाड्यांची रांग मला आडवी गेली. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. त्या गाड्यांच्या बिघाडांची आणि किरकोळ अपघातांची नोंद माहितीच्या हक्काखाली मिळवून लोकांनी छापली आहे, २००० ते २०१६ या काळात १८० घटना. बहुतेक ब्रेक, इंजिन, रस्ता चुकणं असल्या. पण पाणबुड्या आणि बॉम्ब यांच्या सुरक्षिततेचा वार्षिक अहवाल, जो आधी दरवर्षी छापला जायचा, तो २०१७ पासून छापणंच थांबलं आहे. उत्तरेत डाउनरेला पाणबुड्यांच्या चाचणी-अणुभट्टीच्या पाण्यात जानेवारी २०१२ मध्ये किरणोत्सर्ग आढळला. स्कॉटलंडच्या सरकारला ते कळलं मार्च २०१४ मध्ये, पार्लमेंटमध्ये घोषणा झाली तेव्हा. तर ही उठाठेव आहे खरी, पण माझ्याच अंगणातली.

आता पोखरण. ११ मे १९९८ला झालेल्या तीन स्फोटांत औष्णिक-अण्वस्त्राची, म्हणजे हायड्रोजन बॉम्बची, ताकद ४५ किलोटन होती, असं सरकारने सांगितलं. ऑगस्ट २००९ मध्ये के. संथानम, जे त्या मोहिमेत संरक्षण संशोधन संस्थेची बाजू सांभाळत होते, म्हणाले की तो स्फोट अपेक्षेपेक्षा बराच कमी पडला. अणुऊर्जा खात्याची बाजू सांभाळलेल्या आर. चिदंबरम आणि अनिल काकोडकर यांनी ते मोजमापांसकट खोडून काढलं. कोण बरोबर, हे ठरवायची माझी पात्रता नाही आणि इंटरनेटवर पावशेर भूकंपशास्त्र शिकून मी ते ठरवणारही नाही. मला खटकतं ते एवढंच की दोन्ही बाजूंचे लोक सरकारी शास्त्रज्ञ, दोघांनी भांडण वर्तमानपत्रांतून केलं, आणि तज्ज्ञांच्या स्वतंत्र समितीची मागणी तशीच हवेत विरली. आपल्या ट्रॉम्बेचंच बघा. भाभा अणुसंशोधन केंद्र २०००पर्यंत अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीखाली होतं, मग ते तिथून काढलं आणि देखरेख घरच्या घरी ठेवली. वीज बनवणाऱ्या अणुकेंद्रांमधल्या उणिवांवर याच मंडळाने १९९५ मध्ये केलेला अहवाल मुंबई सर्वोदय मंडळ आणि इतरांनी मागितला. मुंबई उच्च न्यायालयाने नाही म्हटलं, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, अणुऊर्जा कायद्याच्या १८व्या कलमाकडे बोट दाखवून. विजेच्या केंद्राचा अहवाल जिथे मिळत नाही, तिथे बॉम्बचा मागण्याची भाषा कोण करणार? तेव्हा ब्रिटनवर लिहिताना माझ्या मनात भारत नसतो, असं समजू नका. इथे निदान सहा महिन्यांनी का होईना, पंतप्रधानांना तोंडावर चारदा विचारणारा पत्रकार सापडतो.

मला क्षेपणास्त्राचं इंजिन का पेटलं नाही ते नको आहे. आराखडा नको, पल्ला नको, पाणबुडी कुठे लपते ते तर मुळीच नको. १८ जुलै २०१६च्या आधी निदान संरक्षण समितीला, दार लावून का होईना, ‘चाचणी झाली, जमली नाही, तरीही आमचं मत हेच’ एवढं एक वाक्य सांगता आलं असतं. निकाल बदलला नसता. स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५८ सदस्यांनी विरोधात मत दिलं ते तसंही दिलंच असतं, आणि बाकीच्यांनी बाजूने.

पोखरणवर सविस्तर लिहायचं वचन देतो, येत्या मे महिन्यात. तोवर एक विनंती. बावीस वर्षं म्हणालात, म्हणजे मे १९९८ मध्ये तुम्ही बहुधा गणवेशात असाल. त्या दिवशी जहाजावर काय बोललं गेलं, कोणी पेढे वाटले, कोण गप्प होतं, ते लिहून पाठवा. सांगता येण्याजोगं असेल तेवढंच.